अक्काच्या उजव्या हाताची दोरी

धाकट्याला पळणं कधीच आवडलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटावं, काय पळण्याचा वेडा माणूस होता! वेडी होती ती अक्का, त्याची थोरली बहीण. शाळेत असताना ती एकदा सुटली की मागं वळून बघायची नाही, आणि हा मैदानाच्या कडेला तिच्या चपला मांडीवर घेऊन बसलेला असायचा. कुणी विचारलं, "काय रे, तू नाही पळत?" तर म्हणायचा, "चपला कोण सांभाळणार?"

पन्नाशीला टेकला तरी घरात त्याला धाकटाच म्हणत. बाहेर तो गादीवाला. सोफे, खुर्च्या मढवायचं काम. खाली कारखाना म्हणजे दोन खोल्या, फोमचे ठोकळे, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि कायम हवेत तरंगणारा कापसाचा भुगा. वर राहायचं घर. तिथं तो, त्याची बायको आणि अक्का.

अक्कानं लग्न केलं नव्हतं. एका मालवाहतूक कंपनीत ती फोनवर बसायची. कुठला ट्रक कुठं पोचला ते तिला तोंडपाठ असे. तिशी उलटल्यावर तिच्या नजरेच्या कडा काळ्या पडायला लागल्या. आधी बाजूचं दिसेना, मग समोरचं नळीतून बघितल्यासारखं दिसू लागलं आणि मग ती नळीही मिटली. नोकरी राहिली, कारण फोनला डोळे लागत नाहीत. कंपनीची गाडी न्यायला यायची, आणून सोडायची. बाकी घराबाहेर पडणं तिनं सोडून दिलं. कुणी कीव केलेली तिला खपत नसे, आणि कीव न करणारी माणसं तिच्या मते फार नव्हती.

एकदा खाली खुर्चीला कापड ताणत असताना धाकट्याला वरून धपधप ऐकू यायला लागलं. कपाट सरकवतायत की काय, म्हणून तो वर गेला. अक्का कपाटाची कड धरून जागच्या जागी पळत होती. डोळे मिटलेले, केस सुटलेले, चेहरा घामानं भिजलेला. तो दारात उभा राहिला आणि तसाच खाली आला. दुसऱ्या दिवशी बूट घेऊन आला, स्वतःसाठी.

सुरुवातीला काय ते ध्यान! पोट आधी पळायचं, मागून तो. अक्का म्हणायची, "धाकट्या, तुझा दम ऐकून मलाच धाप लागते." सोफ्याच्या शिवणीत कडेला घालतात त्या पायपिंगच्या दोरीचा वीतभर तुकडा त्यानं कापला, दोन्ही टोकांना फास शिवले. एक फास त्याच्या डाव्या हातात, दुसरा अक्काच्या उजव्या. घरापासून चालत मैदानापर्यंत, आणि मैदानाच्या कडेच्या मातीच्या वाटेवर फेऱ्या. तो तोंडानं वाट सांगत जायचा. वळण, खड्डा, मूळ, कुत्रं, पुन्हा तेच कुत्रं. अक्कानं त्याचं नाव रेडिओ ठेवलं.

नावं ठेवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. मैदानावरची सगळी माणसं ती पावलांवरून ओळखे. एक धापेकाका होते. एक होता चोरटा, कारण त्याच्या बुटांचा आवाजच यायचा नाही, एकदम शेजारून जायचा. आणि एक टपटप, एक बाई. हलकी, नेमकी पावलं, घड्याळासारखी. "ही टपटप चांगली पळते हं," अक्का म्हणायची. "हिच्या पावलात भांडण नाहीये."

वर्षं गेली. पोट गेलं. पळणं आवडलं असं मात्र नाही. आवडायचं ते दुसरंच. घरात बायकोसमोर, कामावर गिऱ्हाइकांसमोर जे बोलता येत नाही, ते त्या वाटेवर निघायचं. भांडणंसुद्धा. दोरीच्या दोन टोकांना बांधलेली माणसं भांडली तरी जाणार कुठं? फेरी पुरी करावीच लागते.

मग तो सोफा आला. तीन माणसांचा, जुना, आतून लाकडी, मढवून झालेला. गिऱ्हाइकाच्या घराचा जिना अरुंद. वरून जोडीदार कारागीर, खाली धाकटा. वळणावर वरच्याचा हात निसटला आणि सगळं ओझं खाली आलं. धाकट्यानं सोफा सोडला नाही. नव्या कापडाला भिंत घासेल म्हणून सोडला नाही, हे त्यानं नंतर बायकोला सांगितलं आणि तिची भरपूर बोलणी खाल्ली. कंबरेत असा काही चटका बसला की तो जिन्यातच वाकडा झाला, आणि कळ उजव्या पायातून घोट्यापर्यंत उतरली.

"मणक्यातली गादी सरकलीये," डॉक्टर म्हणाले.

अक्का तेवढ्यातही हसली. "जन्मभर दुसऱ्यांच्या गाद्या बसवल्या, आणि स्वतःची सरकवून घेतलीस?"

तोही हसला, पण हसताना कळ आली आणि डोळ्यांत पाणी आलं. अक्काला ते दिसलं नाही. तिनं हात पुढं करून त्याचा चेहरा चाचपला, आणि मग ती हसायची थांबली.

ऑपरेशनची वेळ आली नाही. त्याला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. त्या वाक्यागणिक "सरळ बसा" म्हणत, म्हणून घरी त्यांचं नाव सरळबाई पडलं. पहिल्याच दिवशी धाकट्यानं विचारलं, "पळता येईल ना?"

"आधी उठता येऊ दे," सरळबाई म्हणाल्या. "पण अंथरुणात पडून राहायचं नाही. झेपेल तेवढं चाला. पाठ दुखली तर दमानं घ्या. कळ पायात उतरली किंवा बोटं बधिर झाली तर त्याच पावलाला थांबा. आणि लघवीला अडचण झाली तर माझी वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. कळलं?"

कळलं. धाकट्यासारखा आज्ञाधारक रोगी सरळबाईंनी पाहिला नसेल. घाईनं मढवलेली खुर्ची वरून छान दिसते आणि वर्षभरात बसकी होते, हे त्याला धंद्यानंच शिकवलं होतं. आधी घरातल्या घरात चालणं, मग रस्त्यावर, मग मैदानावर. जमिनीवर उताणं पडून पोटाचे, कमरेचे व्यायाम. बायको उशाशी देखरेखीला बसे.

"अहो, पोट आत. श्वास सोडा. सोडा म्हटलं, कोंडताय कशाला? कुणी चोरून नेणार नाहीये."

"तू बोलत असलीस की श्वास घेता येत नाही गं."

"मग माझ्या जागी अक्कांना बसवते."

अक्का शेजारच्या खोलीतून ओरडे, "मला नको. मी मारीन त्याला."

या काळात अक्का पळायला गेली नाही. धाकट्याच्या बायकोनं एकदा विचारलं, मी येऊ का बरोबर, चालत जाऊ? अक्का म्हणाली, "चालायला मी काही म्हातारी झालेली नाही. तो बरा झाला की जाऊ." आणि संध्याकाळी कंपनीतून आली की पहिला प्रश्न, "आज किती चाललास?" हा सांगे. ती मान हलवे. स्वतःचे बूट ती कोरड्या फडक्यानं पुसून ठेवे, घातलेले नसतानाही.

मग चालण्यात मधे मधे थोडं पळणं आलं. थोडं पळा, पुष्कळ चाला, पुन्हा थोडं पळा. "वाढवायचं ते एका वेळी एकच," सरळबाई बजावत. "वेळ वाढवला तर वेग नाही. सपाट माती बघा, उतार नको. आणि आज झेपलं की नाही, ते उद्या सकाळी उठल्यावर कळतं. त्याआधी खूश व्हायचं नाही." धाकटा मैदानावर एकटाच जाई आणि सांगितलेलं करून परत येई. औषधाचा घोट घ्यावा तसा. अक्काला मुद्दाम नेत नसे. पुरता बरा होईन तेव्हाच दोरी हातात घेईन, असं त्याचं ठरलेलं होतं. अर्धवट दुरुस्तीचं सामान तो गिऱ्हाइकालाही देत नसे.

शेवटी सरळबाईंनी त्याला हॉस्पिटलच्या आवारातल्या सरळ वाटेवर स्वतःसमोर पळवून पाहिलं. "खांदे सैल. हात मोकळे सोडा. हं, छान. अगदी छान." मग सहज विचारलं, "एकटेच पळता, की कुणी असतं सोबत?"

"बहीण असते."

"मग उत्तमच. सोबत असलेली केव्हाही बरी."

एवढंच बोलणं झालं. त्यांनी पुढं विचारलं नाही. यानं सांगितलं नाही. लपवायचं काहीच नव्हतं. डोळ्यांवर चष्मा आहे हे जसं चष्मेवाला कुणाला मुद्दाम सांगत नाही, तशी ती दोरी त्याच्या ध्यानातच नव्हती. पळणं म्हणजे दोरी. दोरीशिवाय पळणं म्हणजे त्याच्या लेखी व्यायाम.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का त्याच्याही आधी तयार होऊन दारात उभी होती. मैदानावर आल्यावर त्यानं एक फास आपल्या मनगटात अडकवला, दुसरा तिच्या हातात दिला, आणि म्हणाला, "रेडिओ सुरू." तिचा चेहरा असा उजळला की त्याला क्षणभर दुसरीकडे बघावं लागलं.

पहिली फेरी त्यांनी अगदी हळू घेतली. सांगितल्याप्रमाणे मधे मधे चालले. धापेकाकांनी हात केला, "आलात का!" दुसऱ्या फेरीला कमरेत काहीतरी खेचल्यासारखं झालं. धाकट्याला वाटलं, सवय गेलीये. वळणापाशी अक्का रंगात येऊन तिच्या कंपनीतल्या साहेबाची नक्कल करत होती, आणि हा नेहमीसारखा तिच्याकडे वळून ऐकत होता. त्याच वेळी उजव्या पायातून वीज गेली. पाय त्याच्याखाली उरलाच नाही. तो उजवीकडे कोसळला, आणि दोरीनं अक्काला ओढलं.

अक्का त्या मैदानावर कधी पडली नव्हती. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ती तोंडावर आपटली. हनुवटी फुटली. तिथं पडल्या पडल्या ती पहिल्यांदा जमीन चाचपत होती. "धाकट्या? धाकट्या, कुठं आहेस?" आणि हा तिच्यापासून हातभर अंतरावर, दोरी अजून मनगटात, पाय धरून पडलेला. त्यांना उचललं ते टपटपनं. चोरटा धावत गाडी आणायला गेला.

या वेळी सरळबाईंकडे दोघंही गेली. अक्काच्या हनुवटीला टाके, हातात पांढरी काठी. सरळबाई आधी काठीकडे बघत राहिल्या, मग धाकट्याकडे.

"तुम्ही पळता कसे, ते उभ्या उभ्या दाखवा बघू."

त्यानं खिशातून दोरी काढली. दोघं शेजारी उभी राहिली. सरळबाई मागून आल्या, त्याच्या कमरेवर हात ठेवला, मग खांद्यावर.

"तुम्ही नुसते उभे आहात ना, तरी डावीकडे वळलेले आहात," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांच्याकडे झुकलेले. हा हात हलतच नाही. पळताना प्रत्येक पावलाला कंबर पिळली जात असणार. वर्षानुवर्षं." मग जरा थांबून, "हे मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?" धाकट्यानं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"मीही विचारायला हवं होतं," सरळबाई म्हणाल्या, आणि टेबलावरचं पेन उगाच इकडचं तिकडे ठेवलं.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. घरातल्या घरात, मग रस्त्यावर. या खेपेला कंबर सावरली, पण उजव्या पावलाची बाहेरची कड बधिर राहिली ती राहिलीच. चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळत नसे. बायको मागून चप्पल हातात घेऊन यायची. सरळबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पळू शकाल. हळू, सपाटीवर, पायाकडे लक्ष ठेवून. पण एकट्यानं. दोरी नाही."

"कधीपर्यंत नाही?"

"खोटं सांगू का?"

"नको."

घरी येऊन तो बूट कपाटाखाली सारून कामाला बसला. बायको म्हणाली, "अहो, त्यांनी पळा म्हटलंय ना?" तर म्हणाला, "मी कशाला पळू? माझ्या मागं कोण लागलंय?" हा विनोद होता. बायको हसली नाही.

अक्का कंपनीतून यायची, जेवायची, झोपायची. एकदा म्हणाली, "सुटले बाई. गुडघेही बोलायला लागलेच होते." तिच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. धाकटा खाली स्टेपल गन हातात धरून वरचा कानोसा घेत बसायचा. कपाट धरून का होईना, पळू दे. पण वर काही वाजत नसे. बूट पुसायचंही तिनं सोडलं. माणूस पुन्हा एकदा आत आत जात चाललं होतं, आणि या वेळी बाहेर काढायला त्याच्याकडे पाय नव्हता.

म्हणून एका सकाळी तो एकटा मैदानावर जाऊन उभा राहिला. टपटप आली. जवळून पाहिली तर चाळिशीची, एका हॉस्पिटलात नर्स.

"ताई बऱ्या आहेत ना?" तिनंच विचारलं. "टाके सुकले?"

"सुकले. त्या तुम्हाला टपटप म्हणतात."

ती मनापासून हसली. "आणि तुम्हाला?"

"रेडिओ." मग त्यानं जे विचारायला आला होता ते विचारलं, दोरीचं दुसरं टोक तुम्ही धराल का?

टपटप हो म्हणाली. अक्का नाही म्हणाली. नुसतं नाही म्हणाली नाही, पेटली. "मला विचारलंस? मी काय सोफा आहे, एकाला उचलवेना म्हणून दुसऱ्याला हाक मारायला?"

"अक्का, ऐक."

"नाही ऐकत. तुझ्याशिवाय मी कुणाबरोबर गेलीये का कधी?"

"माझ्या पायाला खाली काय आहे ते कळत नाही, अक्का," तो म्हणाला. "तुला दिसत नाही आणि मला कळत नाही. दोघांत एकाला तरी कळायला हवं ना गं."

बायको भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. अक्का म्हणाली, "पायाचं मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं," तो म्हणाला.

दोरी त्यानंच टपटपच्या मनगटात अडकवली. फास सैल होता, तिचं मनगट बारीक. गाठ मारून दिली. बाजूला घेऊन तिला शिकवलं. काळजीपूर्वक, जपून, असले शब्द बोलायचे नाहीत, त्या चिडतात. पायाखाली काय येतंय तेवढंच सांगायचं, दोन पावलं आधी. चार पावलं आधी सांगितलं तर विसरतात. साहेबाची नक्कल सुरू झाली की वळून बघायचं नाही. समोर बघायचं आणि हसायचं.

"आणखी?" टपटपनं विचारलं.

आणखी पुष्कळ होतं. "बस, एवढंच," तो म्हणाला.

त्या दोघी निघाल्या. पहिल्या वळणापर्यंत अक्का अवघडलेली, मान ताठ, डावा हात पुढं. मग वळणानंतर काहीतरी सुटलं. तिचं पाऊल लांब पडायला लागलं. टपटपचा वेग वाढला तसा तिचाही वाढला, आणखी वाढला, आणि धाकटा बघतच राहिला. धापेकाका मागं पडले. चोरटाही मागं पडला. शाळेच्या मैदानावर सुटायची तशी अक्का सुटली होती. त्याच्या शेजारी ती अशी कधी पळाली नव्हती. एवढी वर्षं ती त्याच्यासाठी पाय आवरून पळत होती, आणि त्याच्या दमाची चेष्टा करून ते झाकत होती.

तो बाकावर बसला. बूट घालून आला होता, पण बसला.

त्या परतल्या तेव्हा अक्काच्या कपाळावरून घाम निथळत होता. टपटपनं तिला बाकापाशी आणलं, दोरी सोडवली आणि ड्यूटीवर निघून गेली. अक्कानं हात पुढं केला, धाकट्याची पाठ सापडली. हात तिथंच थांबला.

"सदरा कोरडा आहे तुझा."

"हं."

"सरळबाई काय म्हणाल्या होत्या?"

"मला पळणं आवडत नाही, अक्का. तुला ठाऊक आहे. कधीच आवडलं नाही."

"ठाऊक आहे की," ती म्हणाली. "पण घरात बसून तू वाकशील. मी बसले होते, मला विचार." तिनं पाठीवरच्या हातानं त्याला ढकललं. "जा. थोडं पळ, पुष्कळ चाल. मी बसते इथं."

तो उठला. पाय उचलला, टेकला, खाली नजर ठेवून. पळायला लागल्यावर डाव्या हाताचं काय करायचं ते त्याला कळेना. तो आपोआप कमरेपाशी आखडून येत होता. त्यानं तो मोकळा सोडला. सोडला की पुन्हा येई.

"चाल आता!" बाकावरून अक्का ओरडली. त्याचा दम तिला ऐकू जात होता. तो चालला. "हां, पळ!" तो पळाला. येणारेजाणारे बघत होते. "पाय उचल, घासतोयस!"

पहिलं वळण आलं. तिचा आवाज बारीक झाला. दुसऱ्या वळणानंतर ऐकूच येईना. मैदानाची ती पलीकडची बाजू लांबलचक होती, आणि तिथून बाकावरची अक्का बोटाएवढी दिसत होती, मान किंचित तिरकी करून, कान लावून बसलेली. त्याची पावलं तिथवर पोचत नव्हती. कधी पळायचं, कधी चालायचं, ते त्या बाजूला त्याचं त्यालाच ठरवायचं होतं.